मोलकरणीला यायला कारण लागत नाही

मला कुणी विचारलं, ताई, तुम्ही आयुष्यभर काय काम केलंत, तर मी सांगते, मोलकरीण होते. समोरचा माणूस जरा ओशाळतो. तेवढी गंमत बघून झाली की मग मी सांगते, अहो, नाटकात. एकाच नाटकात, एकच मोलकरीण, अकरा वर्षं.

तशी मी शिवणकाम करणारी बाई. नाशिकरोडला आमच्या वस्तीतल्या निम्म्या बायकांची पोलकी माझ्या मशीनखालून गेलेली आहेत. शाळा सातवीपर्यंत. त्यापुढचं लिहिणं-वाचणं जे काही आलं ते नाटकाच्या वह्या वाचून आणि उतरवून आलं. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, जशा बोलता तशा लिहा. आता मी बोलते तसं लिहायला बसले तर बाकीच्यांच्या कथा-कवितांना जागा राहायची नाही, म्हणून आवरून लिहिते आहे.

आमचं नाटक 'होणार रावबहादूर'. इंग्रजांच्या अमदानीत कुणा एका मामलेदारानं हौसेनं लिहिलेलं. त्याची हाती लिहिलेली वही दातार मास्तरांना एका जुन्या पेटीत सापडली. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि शाळा सुटली की नाटक बसवायचे. गोष्ट अशी, की एक रावसाहेब आहेत. सरकारनं आपल्याला रावबहादूर करावं म्हणून ते गोऱ्या कलेक्टरला घरी चहाला बोलावतात. त्यासाठी घरात उसन्या खुर्च्या येतात, बायकोला इंग्रजी शिकवलं जातं, देवघरावर पडदा टाकला जातो, आणि शेवटी पत्र येतं की किताब शेजारच्या वकिलाला मिळाला. लोक पहिल्यापासून शेवटपर्यंत हसायचे.

या घरात एक मोलकरीण, भागी. तिला वाक्यं चार. 'जी रावसाहेब.' 'साहेब आलं.' 'चहा आणते.' 'पत्र आलंय.' बस. जाहिरातीच्या कागदावर सगळ्यांची नावं यायची आणि शेवटी 'व इतर'. त्या 'इतर'मध्ये मी एकटीच होते.

मास्तरांनी मला पाहिलं ते जयंतीला. आमच्या वस्तीत विहाराच्या ओट्यावर दरवर्षी नाटक व्हायचं, त्यात मी खाष्ट म्हातारी केली होती. दुसऱ्या दिवशी मास्तर सायकल ढकलत घरी आले आणि म्हणाले, "विमलताई, आमच्यात काम कराल का? लहान आहे, पण नाटकभर आहे." आमचे हे छापखान्यात कामाला. ते म्हणाले, "कर की, मी पाळी बघून सोडायला येईन." झालं, मी हो म्हटलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं मोलकरणीच्या कामात काय आहे, आली आणि गेली. तसं नसतं. नाटकातलं सगळं सामान तिच्या हातून फिरतं. पत्र तिनं आणायचं, दिवा तिनं लावायचा, पाहुणा आला हे तिनं सांगायचं. रावसाहेब लांबलचक भाषण ठोकून टाळ्या घेतात, पण पत्र वेळेवर हातात पडलं नाही तर भाषण कशाचं करणार? आणि उभं राहणं. दुसऱ्या अंकात मी दाराशी वीस मिनिटं नुसती उभी असायचे. चारशे माणसं बघत असताना न बोलता उभं राहून दाखवा. आपल्याला दोनच हात आहेत की सहा, असं वाटायला लागतं.

पण खरी गोष्ट मला पुढं अनुभवानं कळली. स्टेजवर कलेक्टरला यायचं तर कारण लागतं. रावसाहेबांच्या बायकोला लागतं. त्यांच्या जावयाला तर फार मोठं कारण लागतं. मोलकरणीला कारण लागत नाही. ती केव्हाही येते, काहीही उचलते, काहीही ठेवते, कुणाला खटकत नाही. म्हणून नाटक कुठं उसवलं की टाका घालायचं काम तिच्याकडं येतं.

आता आईचं सांगते, कारण आईशिवाय ही भागी उभी राहत नाही.

माझी आई देवळाली गावातली. चौदाव्या वर्षी ती कॅम्पात एका गोऱ्या मेजरच्या बंगल्यात आया म्हणून लागली. इंग्रज जाईपर्यंत तिथंच होती. आमच्या लोकांना गावात कुणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं, गोऱ्याच्या घरात मात्र पार झोपायच्या खोलीपर्यंत जाता यायचं. पण मडमेला तिचं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आया म्हणजे आया.

आई आमच्याकडंच राहायची. मी घरी सांगितलं की मला नाटकात मोलकरणीचं काम मिळालं, तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"सात बुकं शिकवली तुला. मशीन घिऊन दिली. आन आता तू लोकांम्होरं भांडी घासणार?"

"आई, नाटक आहे ते."

"मग नाटकात मास्तरीण नसती का?"

"या नाटकात नाहीये."

"मग दुसरं नाटक बघ."

दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कर तुला करायचं तर. तुझा नवरा हो म्हणतो, मी कोण आडवी येणार. पन मी बघाया यायची नाय. मला सांगू बी नको."

तेवढं मात्र मला लागलं. मी भागीचं काम कुणासाठी करत होते असं आज विचारलंत, तर खरं सांगते, एकच आस होती. आईनं एकदा येऊन, खुर्चीत बसून, ते बघावं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही हे तिला दिसावं. गावात कुठंही खेळ असला की मी तिच्यासाठी पास आणायचे. ती तो शेजारच्या शकूला द्यायची. शकूनं आमचं नाटक इतक्या वेळा पाहिलं की मधेच कुणी वाक्य विसरलं तर ती खुर्चीतून ओठ हलवायची.

आई बघायला येत नव्हती, पण तिला घरात गप्पही बसवत नव्हतं. तालमीचे दिवस. मी पितळी ताट दोन्ही हातांनी कमरेशी धरून खोलीत फेऱ्या मारत होते. आई कोपऱ्यात पान लावत होती. तिनं चार फेऱ्या सहन केल्या.

"काय बारशाला चाललीस का?"

"ट्रे आहे हा. साहेबाचा चहा नेतेय."

"असा धरत्यात व्हय ट्रे? छातीबरोबर धर. आंगठा आत नको. आंगठा चहात बुडवून देशील का साहेबाला?"

आणि मग ती उठलीच. तिनं ताट माझ्या हातातून घेतलं आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत अशी चालली की माझ्या अंगावर काटा आला. पायांचा आवाज नाही. ताट जागचं हलत नाही. दाराशी थांबून तिनं हलकंसं खाकरलं, मग आत आली, ट्रे ठेवला, आणि परत जाताना दोन पावलं उलटी टाकली.

"साहेबाकडं लगीच पाठ करायची नाय," ती म्हणाली. "आन त्येच्या तोंडाकडं बघायचं नाय. बुटाकडं बघायचं. बूट सांगतात साहेबाचं मन. टाच हालाया लागली की समजायचं, भडकलाय. पंजे आत वळले की समजायचं, पत्र आलंय विलायतेहून, कायतरी वाईट हाय."

दुसऱ्या दिवशी तालमीत मी तशी चालले. मास्तर वही खाली ठेवून बघत राहिले. "हे कुठं शिकलात?" मी सांगितलं. रविवारी मास्तर पुन्हा सायकल घेऊन हजर. "आजी, जरा विचारायचं होतं."

आईनं त्यांना खाटेवर बसवलं आणि आधी चहा ठेवला. मास्तर बोलत होते, पण आईचं लक्ष कपाकडं होतं. मास्तरांनी चहा घेतला, पूर्ण संपवला, कप स्वतः उचलून मोरीशी ठेवला. आईनं तो रिकामा कप पाहिला. मग बोलायला लागली ती दोन तास.

मास्तरांनी त्यांच्या मते फार बारकाईनं चहाचा प्रसंग बसवला होता. भागी आतून दुधाचा उकळलेला चहा कपांत ओतून आणते. आई हे ऐकून हसून हसून खोकायला लागली.

"गोऱ्याला उकाळा देता? त्यो रावबहादूर कसला करतोय, उलट कोर्टात घालील. चहा किटलीत आणायचा. किटलीला लोकरीचं टोपडं. दूध येगळं, साखर येगळी. साहेब आपल्या हातानं घेतो, कुणाला हात लावू देत नाय."

मास्तर सगळं लिहून घेत होते. भूगोलाच्या मास्तरांना माझ्या आईनं शिकवणी दिली, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. टोपडं मी शिवलं, जुन्या घोंगडीच्या तुकड्याचं. निघताना मास्तर म्हणाले, "आजी, तुमचं नाव छापतो कागदावर. मार्गदर्शन म्हणून."

आई म्हणाली, "नको. आन मी यायची बी नाय. तुमी चहा प्यायला कवा बी या."

तर अशी शिदोरी घेऊन आम्ही गावोगाव निघालो. आमच्यात रावसाहेब करायचे बाळूकाका, विमा कचेरीत होते. पोट सुटलेलं, मिशा खऱ्या, आवाज गंगेच्या या काठावरून त्या काठावर जाईल असा. साहेब करायचा अरविंद पेठे. बँकेत कारकून, रंगानं गोरापान, डोळे घारे. देवानं कलेक्टर करायचाच म्हणून बनवलेला आणि मग इंग्रजी द्यायचं विसरलेला. त्याचं दुसऱ्या अंकातलं भाषण नऊ वाक्यांचं, सगळं इंग्रजीत. त्यानं ते देवनागरीत लिहून पाठ केलेलं.

दिंडोरीला खेळ होता. मोठमोठे द्राक्षवाले बागाईतदार पुढच्या रांगेत. पेठे आला, टोपी काढली, "वेल, रावसाहेब," म्हणाला आणि थांबला. मी दाराशी उभी. बाळूकाका हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघताहेत. विंगेतून प्रॉम्प्टर सांगतोय, पण त्या दिवशी त्याचा घसा बसलेला, नुसती वाफ येतेय. मी पेठेच्या बुटांकडं पाहिलं. दोन्ही पंजे आत वळलेले. मी ओळखलं, गेलं, नऊच्या नऊ वाक्यं गेली.

मला यायला कारण लागत नव्हतं. किटली उचलून मी पुढं झाले आणि म्हणाले, "रावसाहेब, साहेब म्हणत्यात, तुमची बाग लई झ्याक हाय."

पेठेनं बुडत्या माणसासारखं ते धरलं. "येस, येस. गार्डन."

"साहेब म्हणत्यात, द्राक्षं लावा. कांद्यात काय ऱ्हायलं नाय."

"येस. ग्रेप्स."

पुढची रांग खुर्चीतून खाली यायची बाकी होती. असं मी अख्खं भाषण लोकांना मराठीत सांगितलं. साहेबानं त्यात एकेक शब्दाची भर घातली. बाळूकाका मुरलेले नट. त्यांनी मिशीवर ताव देत विचारलं, "भागे, तुला गं कुठून आलं इंग्रजी?"

मी म्हणाले, "साहेबलोकांची भांडी घासलीत रावसाहेब. थोडं उष्टं इंग्रजी हाताला लागतंच."

हे वाक्य मी कुठून काढलं मला ठाऊक नाही. आईच्या घरात वाढल्यावर येत असेल. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी ते लाल शाईनं वहीत लिहिलं आणि साहेबाचं भाषण कायमचं काढून टाकलं. पेठेनं मला पेढ्याचा पुडा दिला. अशी माझी चाराची सतरा वाक्यं झाली. मामलेदारसाहेब जिवंत असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

हरसूलची गोष्ट तर मी अजून नातवंडांना सांगते. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. दुपारी खेळ लावलेला, म्हणजे डोंगरातले लोक उजेडी घरी पोचतील. बाजारतळावरचा ओटा तेच स्टेज, मागची बाजू उघडीच. तिसऱ्या अंकात रावसाहेब पत्र न फोडता तिवईवर ठेवतात आणि लोकांकडं तोंड करून भाषण करतात, की आता मी रावबहादूर होणार, मग हत्तीवरून मिरवणार, मग यांव आणि त्यांव. तेवढ्यात मागून एक शेळी वर चढली. शांतपणे तिवईशी आली आणि पत्र खायला लागली.

लोक हसायला लागले. बाळूकाकांना वाटलं, आज आपण काय रंगलोय. त्यांना आणखी चेव आला. हत्तीवर अंबारी चढली, अंबारीवर छत्र चढलं. इकडं शेळीनं लाखेच्या शिक्क्यासकट पत्र संपवलं. काका वळतात तर तिवई रिकामी आणि शेळी त्यांच्याकडं बघत चघळतेय.

मी स्टेजवर गेले. "रावसाहेब, पत्राची वाट बघू नका."

"का गं?" काकांचा आवाज खरोखरच चिरकला.

"ते वाचून झालं. या बाईनं वाचलं."

आता पंचाईत ही, की पत्रात किताब वकिलाला मिळाल्याचं असतं आणि ते कळल्याशिवाय नाटक संपत नाही. मी म्हणाले, "पण काळजी नको. पोस्टमननं बाजारात सगळ्यांना आधीच वाचून दाखवलंय. तुम्ही सोडून अख्ख्या गावाला ठावं हाय. किताब वकीलसाहेबाला गेला."

ओट्यासमोर बसलेला एक म्हातारा उठला आणि अगदी कळवळून म्हणाला, "माजीच हाय वं ती शेळी. तिला काय ठावं नाटक. पत्र भरून देईन मी." त्याला बसवता बसवता नाटक संपलं. मास्तर म्हणाले, इतका चांगला शेवट मूळ लेखकाला जमला नव्हता. पण शेळी काही वहीत लिहिता आली नाही.

असं सगळं चाललं होतं. लोक मला मेन रोडवर 'भागीबाई' म्हणून हाक मारायला लागले. एकदा मास्तरांनी मला रावसाहेबांच्या बायकोचं काम देऊ केलं, ती बाई बाळंतपणाला गेली होती म्हणून. मी चार तालमी केल्या आणि नको म्हटलं. शालू नेसून सोफ्यावर बसल्यावर मला काही दिसायचंच नाही. दाराशी उभं राहिलं की सगळं नाटक दिसतं. तेव्हा घेतलं असतं तर नाव छापून आलं असतं, असं कधीकधी वाटतं. वाटतं आणि जातं.

घरी मात्र आईचा नेम मोडत नव्हता. मी दिंडोरीचं सांगायचे, हरसूलचं सांगायचे. ती हसायची, खोदून विचारायची, टोपडं नीट बसतं का, साखरेचे चमचे किती. पण पास पुढं केला की, "शकूला दे."

शकूच एक दिवस तिच्यावर उखडली. मी शिवत होते, दोघी ओट्यावर बसलेल्या, मला सगळं ऐकू येत होतं.

"पोरगी तुझी आन बघते मी. किती वर्सं अशी अडून बसणार गं?"

"माझं गुडघं दुखत्यात."

"विहारात जाताना नाय दुखत ते. त्यात हाय काय एवढं? तुझी विमल हाय, जाडा रावसाहेब हाय, आन साहेब म्हणजे बँकेतला पोरगा. परवा मला पैसं भरायची पावती त्यानंच लिहून दिली."

आई उठून आत आली. मला वाटलं, संपलं.

पुढच्या महिन्यात गावातल्या मोठ्या नाट्यगृहात रविवारी दुपारी चारचा खेळ होता. हॉल भरलेला. पहिला अंक झाला. दुसरा सुरू झाला. मी जाऊन सांगितलं, "साहेब आलं," आणि दाराशी माझ्या जागेवर उभी राहिले. पेठे आला. मास्तरांनी त्याच्या बुटांना नवीन लोखंडी नाल ठोकून घेतले होते, फळ्यांवर खाडखाड वाजायचे. खाकी कोट, हातात छडी. रावसाहेब हात जोडून पुढं झाले.

आणि तिसऱ्या रांगेत कुणीतरी उठून उभं राहिलं.

डोक्यावरून पदर. दोन्ही हात पोटाशी जुळलेले. मान खाली. पदर ओळखीचा होता, मीच त्याची किनार शिवली होती. आई.

मागचे लोक म्हणायला लागले, "ओ आजी, खाली बसा की, दिसत नाही." शेजारी शकू तिचा पदर ओढत होती. आईला काही ऐकू येत नव्हतं. ती तिसऱ्या रांगेत नव्हतीच. पेठे घोटाळला, उभाच राहिला. बाळूकाकांचे जोडलेले हात तसेच. मागचे दोघं-तिघं ओरडायला लागले. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळा हॉल तिच्यावर हसला असता, आणि मग ती पुन्हा कधी नाटकाच्याच काय, माझ्याही वाऱ्याला उभी राहिली नसती.

मी दार सोडलं. साहेबाकडं सरळ पाठ करून स्टेजच्या कडेपर्यंत गेले, पदर खोचला आणि म्हणाले, "मावशे, तू बस. आज चहाचं मी बघते."

तिनं मान वर केली. माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग हळूच बसली. लोकांना वाटलं नाटकातलंच आहे, टाळ्या पडल्या. मी परत वळून ट्रे उचलला, तर त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ट्रेमधल्या कपबशा वाजल्या.

रंग पुसून बाहेर येईपर्यंत ती निघून गेली होती. घरी पोचले तर भाकऱ्या थापत होती. मी तिच्याशेजारी पाटावर बसले.

"बूट वाजले आन मी उठले," ती म्हणाली. "मला ठावं होतं की त्यो बँकेतला हाय. शकूनं दहा वेळा सांगितलं होतं. मी काय उठायचं म्हणून उठले नाय. पाय उठले."

मी पिठाचा डबा तिच्याकडं सरकवला.

"तू मोलकरीण झालीस त्येचं मला काय नव्हतं विमल. पहिल्यांदा वाटलं जरा, मग नाय वाटलं. मला हेच भ्याव होतं. इतकी वर्सं झाली गोरा जाऊन. पन आपल्या अंगातनं गेलाय का नाय, कुणास ठावं. म्हणून येत नव्हते." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "नाय गेला."

तव्यावरची भाकरी तिनं उलटली, फुगू दिली, काढली. मग विचारलं, "आता पुढला खेळ कुठं हाय?"

"घोटीला. भाताच्या गिरणीच्या आवारात. दुपारचा आहे. पण आई, तू कशाला..."

"मला न्यायचं."

पुढच्या रविवारी ती आमच्याबरोबर टेम्पोत बसून घोटीला आली. शकूला मुद्दाम आणलं नाही. म्हणाली, तिनं पदर ओढला म्हणजे बसल्यासारखं होतंय, आपलं आपण बसायचंय. पेठेला मी काही सांगितलं नव्हतं. मास्तरांना सांगितलं, तर ते नुसते चष्मा पुसत राहिले आणि मग गिरणीवाल्यांकडून पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची मांडून घेतली, लोखंडी, घडीची.

दुसरा अंक. मी "साहेब आलं" म्हणाले. बूट वाजायला लागले. मी त्या दिवशी बुटांकडं पाहिलं नाही, आईकडं पाहिलं. तिचे पाय हलले. खरंच हलले, टाचा उचलल्या गेल्या. तिनं खाली पाहिलं, चपला काढल्या, आणि सावकाश, एक गुडघा, मग दुसरा, असे दोन्ही पाय वर घेऊन त्या खुर्चीत मांडी घातली. हातांनी दोन्ही गुडघे दाबून धरले. साहेब मधोमध येऊन उभा राहिला. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो बसेपर्यंत बघत राहिली. मग तिनं गुडघ्यांवरचे हात काढले, कमरेची चंची सोडली आणि सुपारी कातरायला घेतली.

त्या दिवशी मी काय काम केलं मला आठवत नाही. बाळूकाका म्हणतात, बरं झालं होतं.

परत निघताना ऊन उतरत होतं. टेम्पोत सामान, खुर्च्या, तिवई आणि आम्ही सगळे दाटीवाटीनं. पेठेनं नुसती टोपी काढली होती, तोंडाचा गुलाबी रंग अजून तसाच, कोट तसाच, नालाचे बूट तसेच, ऐसपैस पाय पसरून बसलेला. आई चढली. तिनं एकदा सगळीकडं नजर फिरवली आणि त्याच्या मांडीवर पिशवी टेकवली.

"ए साहेब," ती म्हणाली, "सरक की जरा तिकडं. म्हातारीला बसू दे."

साहेब सरकला.